पावसाळ्यात गिटार बॅगेत कोंडू नका

आज गिटारवाल्यांशी बोलायचंय, तेही आपल्या वसई-विरारच्या. कारण यूट्यूबवरचे बरेचसे सल्ले थंड देशांतले. तिकडे हिवाळ्यात हीटर लागतो, लाकूड सुकतं, म्हणून ते सांगतात, गिटारला ओलावा द्या. आपल्याकडे जुलैत तसा ह्युमिडिफायर केसमध्ये ठेवलात, तर कल्याणच!

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसात हवा कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर, त्यात समुद्राचा खारा वारा. इलेक्ट्रिकची बॉडी भरीव, वर जाड पॉलिश, ती फारशी हलत नाही. त्रास देतो तो नेक. लाकूड ओल ओढतं, नेक किंचित वाकतो, मग तारा उंच वाटतात नाहीतर फ्रेटवर घासून खरखरतात. अशा वेळी ट्रस रॉड जोरात पिळायचा नाही. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. हात बसला नसेल तर सरळ कारागिराकडे न्या. आतला रॉड तुटला की दुरुस्ती फार महागात पडते, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांची गिटार अजून हप्त्यांवर आहे.

पण मला विचाराल तर खरा घात करते ती भिजलेली बॅग. विरार लोकलमधून चिंब होऊन आलात, बॅग कोपऱ्यात टेकवली आणि झोपलात. रात्रभर आत वाफारा! तारा गंजतात, ब्रिजचे स्क्रू धरतात, कापडाला बुरशी येते ती वेगळीच. म्हणून कितीही दमलात तरी गिटार बाहेर काढा, तारा सुती फडक्याने वरून-खालून पुसा, बॅग पंख्याखाली उघडी टाका. ती पूर्ण वाळली की मगच गिटार आत, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी बदलायचं ते कळतं.

व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना करकर आवाज येतो? आत मळ किंवा गंज असतो. आधी नॉब दहा-वीसदा पुढे-मागे फिरवून बघा, नाहीच गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर. खोबरेल तेल नको, प्लीज.

ओल येणाऱ्या भिंतीला गिटार टांगू नका. आणि तळमजल्यावर राहत असाल तर जुलै २०१८ आठवा: जमिनीवरच्या स्टँडपेक्षा कपाटाचा वरचा कप्पा बरा.

गणपतीत ऑर्केस्ट्रा असेल तर नव्या तारा दोन दिवस आधीच चढवा. त्या ताणून बसायला तेवढा वेळ लागतोच.