छकुलीची वही



आज वर्गाच्या बाईंनी आम्हांला इथे बोलायला उभे केले आहे. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवराबायको. बोलणारे तोंड एकच, पण सांगणे दोघांचे आहे. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो. आमचा धंदा शिवणकामाचा. भाषणाची सवय नाही. काही चुकले तर पदरात घ्या.

विषय काही मोठा नाही. आमच्या घरात एक मूल वाढले. ते कसे वाढले, आम्ही काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, तेवढेच सांगायचे आहे. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय? मुले सगळ्यांच्याच घरी वाढतात. खरे आहे. आम्हीही असेच म्हणत होतो.

आमच्या मुलीचा जन्म जुलै २०२२ चा. आम्ही तिला छकुली म्हणतो. तिची आई त्या वेळी याच वर्गात अक्षरे गिरवीत होती. बाळंतपणात वर्ग सुटला. शिकलेली अक्षरे पुसली जातील अशी भीती वाटू लागली. तेव्हा बाई घरी आल्या आणि एक वही देऊन गेल्या. म्हणाल्या, "रोज एक ओळ लिहा. काय लिहावे ते सुचले नाही, तर बाळाचे लिहा. आणि वर तारीख घाला."

पहिली ओळ होती, 'आज बाळ हसले.' तेवढे लिहायला पाव तास गेला. पण लिहिले!

मग रोज एक ओळ होऊ लागली. आता गंमत अशी की, लिहायचे म्हटले की आधी बघावे लागते. नुसते मांडीवर घेऊन बसले तर काय लिहिणार? त्यामुळे आम्ही दोघेही बघू लागलो. एक शिवताना बघायचा, दुसरे लिहायचे.

जन्मली तेव्हा छकुलीचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. पाच महिन्यांत ते दुप्पट झाले आणि वर्षाची झाली तेव्हा तिप्पट. अंगणवाडीताई दर महिन्याला वजन करीत आणि कार्डावर ठिपका देत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नाही, हे त्यांनीच बजावले होते. मग मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे सुरू केले. ठिपके वर चढत गेले. आम्ही खूश होतो.

ती दहा महिन्यांची असताना वहीत एक ओळ आहे, 'रीळ टाकले. परत टाकले.' त्याचे असे झाले. मशीनजवळ तिला बसवले की ती दोऱ्याचे रीळ उचलायची आणि ओट्यावरून खाली टाकायची. आम्ही उचलून द्यावे, तिने पुन्हा टाकावे. असे दहा वेळा. आम्हांला राग यायचा. वाटायचे, ही मुद्दाम छळते. पण लिहायचे म्हणून नीट पाहिले, तर ती रीळ टाकल्यावर वाकून बघत होती. ते कुठे जाते, कसे घरंगळते, ते बघत होती. मग तिने चिंधी टाकली. चिंधी काही घरंगळली नाही. तिला फार नवल वाटले. गिऱ्हाइकाने आणलेले कापड आपण कसे चोळून, ताणून बघतो? तशी ती वस्तू बघत होती. तो छळ नव्हता, तो तिचा अभ्यास होता. त्या दिवसापासून आम्ही एक जुने रीळ तिलाच देऊन टाकले.

आणखी एक पाहा. सहा महिन्यांची असताना तिच्यासमोर वाटीवर फडके टाकले, की तिच्या लेखी वाटी संपली. ती दुसरीकडे बघायची. दहाव्या महिन्यात ती फडके ओढून वाटी काढू लागली. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे तिला कळले. हे तिला कोणी शिकवले? कोणीच नाही. हाताने करून करून ती शिकली.

तेराव्या महिन्यात ती चालू लागली. चार पावले टाकायची आणि धपकन बसायची. पडली की रडण्याआधी ती आमच्या तोंडाकडे बघायची. आम्ही "अगं बाई!" म्हणून धावलो, तर भोकाड पसरायची. आम्ही हसून "ऊठ" म्हटले, तर उठायची. आजींना ते पटेना. पण उंबऱ्यापाशी आणि चुलीपाशी तेवढे आम्ही जपत होतो. बाकी तिला पडू दिले.

इथपर्यंत सगळे सरळ होते. आता आमची चूक सांगतो.

वर्षाची झाली तेव्हा छकुली 'आई', 'बाबा' आणि 'माऊ' असे तीन शब्द बोलत होती. पुढे दिवाळी गेली, थंडी गेली, तरी शब्द तीनच. त्या हिवाळ्यात तिला एकसारखी सर्दी होती. नाक वाहायचे, थांबायचे, पुन्हा वाहायचे. सर्दीचे कोण एवढे मनावर घेतो? बोलत नाही म्हणून थोडी काळजी वाटली, तर आजी म्हणाल्या, "हिचा बाप तीन वर्षांचा होईतो मुका होता. आता बघा, गिऱ्हाइकाला बोलू देत नाही." सगळे हसले. आम्हीही हसलो.

तरी एकदा खात्री करावी म्हणून तिच्या पाठीमागे परात आपटली. ती दचकली आणि वळली. झाले! कान ठीक आहेत, असे आम्ही ठरवून टाकले.

जानेवारी २०२४ मध्ये तिच्या आईने पुन्हा वर्गाला यायला सुरुवात केली. बाईंनी घरचा अभ्यास दिला, की आपलीच वही मोठ्याने वाचायची. रात्री जेवणे झाल्यावर वाचन सुरू झाले. एक वाचत होते, एक काज करीत ऐकत होता. वाचता वाचता या ओळी आल्या.

'हाक मारली. आली नाही. हट्टी झाली.'

'दार वाजले. सगळे उठले. छकू खेळत राहिली.'

'मशीनवर गाल ठेवून उभी राहते. मशीन फार आवडते.'

'बोलताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघते.'

'हाक मारली. ऐकले नाही. हट्टी आहे. बाबांनी धपाटा दिला.'

पाच ओळी पाच वेगवेगळ्या दिवसांच्या होत्या. एकेकटी वाचली तर त्यात काहीच नाही. पण एकापाठोपाठ वाचल्या, आणि हातातले काम थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ती हट्टी नव्हती. तिला ऐकूच येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रीळ घेऊन खेळत होती. आम्ही तिच्या मागे दोन हातांवर उभे राहून हळूच हाक मारली. ती वळली नाही. मागे कागद चुरगाळला. वळली नाही. समोर येऊन तीच हाक मारली, तर हसली आणि हात पसरले. त्या वेळी आमचे काय झाले ते सांगत नाही. धपाटा कोणाच्या हातचा होता, ते वहीत लिहिलेच आहे.

आम्ही अंगणवाडीताईंकडे गेलो. आपल्याकडे या कामाची मुळे जुनी आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा विचार त्यांनी केला. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली निघाली. आमच्यासारख्यांना जवळचे दार म्हणजे हेच. ताईंनी वही वाचली. त्या आम्हांला रागावल्या नाहीत. चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "उद्याच जा."

सरकारी दवाखान्यात कान, नाक, घसा बघणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कानात लहानसे यंत्र लावून तपासले. तिला काही दुखले नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. घशाच्या वरच्या भागातून कानात एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती अरुंद असते आणि जवळजवळ आडवी असते. वरचेवर सर्दी झाली की ती सुजते आणि बंद होते. मग पडद्याच्या आत पाणी साचते. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. पण पाण्यात बुडी मारल्यावर बाहेरचे बोलणे जसे ऐकू येते, तसे त्या मुलाला जग ऐकू येते.

आम्ही परातीचे सांगितले. त्या म्हणाल्या, "तिथेच माणसे फसतात. परातीचा आवाज बहुतेक मुलांना पोचतो. बोलणे हळू असते, ते पोचत नाही. बोलणे पोचले नाही तर मूल बोलणार कसे?"

आणि मशीनवर गाल? मशीनची थरथर तिला गालाला लागत होती. कानाला जे कमी मिळत होते, ते ती गालाने घेत होती. आम्ही लिहून ठेवले होते, 'मशीन फार आवडते.'

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते. तीन महिने वाट पाहू. नाही ओसरले, तर पडद्यात छोटी नळी बसवावी लागेल. तोवर काय करायचे तेही सांगितले. समोर बसून, जवळून बोलायचे. ओरडायचे नाही. बोलताना टीव्ही बंद ठेवायचा. कानात तेल घालायचे नाही, काडी किंवा पिन घालायची नाही. घरात बिडीचा धूर नको, धुराने हा त्रास वाढतो. आजोबांनी चाळीस वर्षे घरात बिडी ओढली होती. त्या संध्याकाळपासून ते उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊ लागले. कोणी सांगावे लागले नाही.

तीन महिने आम्ही मशीन थांबवून थांबवून बोललो. हे रीळ. ही कात्री, हात नको लावू. हे बटण. ही आजी. काम मागे पडले. गिऱ्हाइके रागावली. रात्री दिवा लावून कपडे पुरे केले.

मे २०२४ मध्ये पुन्हा तपासणी झाली. दोन्ही कानांतले पाणी ओसरले होते. पण आम्हांला ते आधीच कळले होते. तपासणीच्या आठ दिवस आधीची ओळ वहीत आहे. आई तिच्या मागून येत होती, बोलली काही नाही, नुसता हात हलला. 'बांगडी वाजली. छकू वळली.' त्या पानावर शाई थोडी पसरली आहे.

मग शब्द आले. आधी एकेक, मग रोज नवा. दोन वर्षांची झाली तेव्हा ती 'आई पानी' म्हणाली. दोन शब्द जोडले! नंतर सर्दी झाली की आम्ही जपतो, कारण हे पाणी पुन्हा साचू शकते. आता तिने तिसरे वर्ष ओलांडले आहे, आणि आजींचे म्हणणे असे, की बापावर गेली.

मंडळी, आमचे सुदैव की हे बरे होणारे होते. काही मुलांचे ऐकणे जन्मापासूनच कमी असते. त्यांच्यासाठी कानाचे यंत्र असते, शिकवणारी माणसे असतात. पण तिथेही जितके लवकर कळेल तितके बरे. तान्ह्या बाळाचीसुद्धा ऐकण्याची तपासणी करता येते.

म्हणून थोडेसे ध्यानात ठेवा. नऊ महिन्यांच्या सुमारास मूल आपल्या नावाला वळते. वर्षाच्या आसपास एखाद-दुसरा शब्द येतो. दीड वर्षात पुष्कळ शब्द होतात आणि दोन वर्षांत दोन शब्द जोडले जातात. सगळी मुले एका मापाची नसतात. कोणी लवकर बोलते, कोणी उशिरा. आपण एका मापाचे सदरे सगळ्यांना शिवतो का? पण फारच मागे राहिले, किंवा येत असलेले बोलणे थांबले, तर वाट बघू नका. विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि परात आपटू नका. मागे उभे राहून हळू बोला, आणि मूल वळते का ते बघा.

मूल ऐकत नाही, असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. त्याला ऐकू येते का, हे मात्र एकदाही विचारले नव्हते.

परवा बाईंनी वही बघितली. त्या म्हणाल्या, "आता ते 'हट्टी' शब्द खोडून टाका ना." आम्ही खोडले नाहीत. छकुली मोठी होऊन वाचायला शिकेल, तेव्हा तिला ते वाचू दे. आणि तोवर ते आम्ही वाचू.