रद्दबातल



विधी महाविद्यालयात बोलावलंत, म्हणून वकिलांच्या आवडत्या एका शब्दाबद्दल बोलतो: रद्दबातल. याचे दोन्ही तुकडे मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. 'रद्द' म्हणजे परतवणं, नाकारणं. आपली रद्दीही त्याच घरातली. 'बातल' म्हणजे बातिल: खोटं, पोकळ, फोल. मुस्लिम कायद्याच्या पेपरासाठी बातिल आणि फासिद विवाहातला फरक घोकता ना? तोच हा बातिल. फासिद विवाहातला दोष बरेचदा दूर करता येतो. बातिल विवाह कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो.

मग एकाला दोन शब्द कशाला? मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावतो: बातल असणं ही अवस्था, रद्द करणं ही कुणीतरी करायची कृती. आतून पोकळ असलेला कायदाही कुणी परतवेपर्यंत खुशाल चालत राहतो.

नोव्हेंबर 2012, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ होतं. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्यवत, असं संविधानाचा अनुच्छेद 13 सांगतो. पण अनुच्छेद स्वतः उठून कोर्टात जात नाही. श्रेया सिंघल नावाची विशीतली तरुणी गेली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं.

गंमत पुढेच आहे, गंमत म्हणायची तर. निकालानंतरही पोलीस ठाण्यांत 66अ खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. 2021 साली हे समोर आलं तेव्हा खुद्द न्यायमूर्ती चकित झाले. अखेर ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. रद्द केलेलं पुन्हा रद्द, असंच म्हणा ना!

तेव्हा उद्या सनद मिळाल्यावर अशिलाची एफआयआर हाती आली, तर आधी कलमं वाचा. त्यात 66अ दिसलं, तर वाद घालत बसू नका. दोन्ही निकालांच्या प्रती पुढे ठेवा आणि पोच घ्या.