मोबाईल स्टार्टरचा डबा गप्प का होतो?



रात्रीच्या पाळीला विहिरीवर जाण्याचा त्रास वाचावा म्हणून मोबाईल स्टार्टर आले. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आता नांदेड-लातूरकडची, तंत्रनिकेतनात शिकणारी आपली मुले असा डबा घरीच जोडू शकतात. परंतु डब्याचा निरोप आला नाही, तर लाइट गेली, मोटार बंद पडली की डबाच बंद पडला, हे घरी बसून कळत नाही. अर्धापूरच्या केळीला भर उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकून चालत नाही. निलंग्याकडे आटलेल्या बोअरवर मोटार कोरडी चालली, तर रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येतो.

म्हणून प्रथम डब्याच्या विजेकडे लक्ष द्यावे. आत सिम ८०० जातीचे मॉड्यूल असेल, तर त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. मोबाईल चार्जरचे ५ व्होल्ट त्याला थेट देऊ नयेत. हे मॉड्यूल वीज सारखी घेत नाही. टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढते. वायर व जोडांचा रोध अर्धा ओहम असला, तरी त्या क्षणी १ व्होल्ट वाटेतच जातो. ४ चे ३ व्होल्ट उरले की मॉड्यूल बंद पडते. यासाठी वायर जाड व आखूड घ्यावी आणि मॉड्यूलला लागूनच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. कमी पाण्याचे बोअर आपण आधी हौदात साठवतो व मग एकदम सोडतो, तेच काम हा कपॅसिटर करतो.

दुसरे म्हणजे बॅटरी. थ्री फेज गेल्यावर डबाही बंद होत असेल, तर लाइट गेल्याचा निरोप कोण देणार? ३.७ व्होल्टचा लिथियम सेल संरक्षक चार्जरसह बसवावा. मॉड्यूल २० व बाकीचा डबा ३० मिलिअँपिअर घेत असेल, तर २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल हिशोबाने ४० तास चालेल. प्रत्यक्षात एक दिवस धरावा. लातूरच्या मे महिन्यात पत्र्याची पेटी तापते, म्हणून डबा सावलीत ठेवावा. अँटेना मात्र पेटीबाहेर काढावी.

तिसरे, डब्याची रोज हजेरी घ्यावी. ‘एटी+सीबीसी’ या आज्ञेने सेलचे व्होल्ट व ‘एटी+सीएसक्यू’ने सिग्नल कळतो. सिग्नल ० ते ३१ असा येतो. १० पेक्षा कमी असल्यास अँटेनाची जागा बदलावी. ९९ म्हणजे सिग्नल मोजता आला नाही. रोज सकाळी ६ वाजता व्होल्ट, सिग्नल व थ्री फेजची स्थिती सांगणारा एकच निरोप यावा, अशी सोय मुलांकडून करून घ्यावी. व्होल्ट ३.६ च्या खाली गेले की वेगळी सूचना यावी. सकाळची हजेरी चुकली, तर डबा तपासावा. सिमचे रिचार्जही पाहावे.

सिम ८०० टू-जीवरच चालते, त्यामुळे त्यात जिओचे सिम चालत नाही. नवीन घेताना फोर-जी मॉड्यूल घ्यावे व त्याचे व्होल्ट त्याच्या माहितीपत्रकात पाहावेत.

शेवटी महत्त्वाचे. स्टार्टरची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मोबाईलवरून बंद केलेली मोटार केव्हाही सुरू होऊ शकते, म्हणून मेन स्विच पाडल्याशिवाय मोटारीला किंवा पेटीला हात लावू नये.