लाठीची पारख

तालमींत नव्यानें येणारा मुलगा बहुधा रंगविलेली, चकचकीत लाठी विकत आणतो. रंगाखालीं चीर लपते; आणि अशी लाठी वार अडवितांना फुटली, तर तिची कपची समोरच्या गड्याच्या डोळ्यांत जावयास उशीर लागत नाहीं. म्हणून लाठी बिनरंगाचीच घ्यावी. विदर्भांतील मानवेल किंवा कोंकणांतील माणगा हे वेळू जवळजवळ भरीव असतात. कळक दिसावयास जाड, पण आंतून पोकळ. एका टोंकाशीं डोळा लावून सरळपणा पाहावा, मग फरशीवर आपटून आवाज ऐकावा. चिरलेली लाठी बद्द वाजते. दुकानदार रागावेल, रागावूं द्यावा. बारीक भोकें आणि पिवळसर भुकटी दिसली, तर भुंगा लागला असें समजावें. उंची कानाशीं यावी. वाढत्या मुलासाठीं मात्र चार बोटें अधिक लांब घ्यावी.