गॉडविन घराण्याचे मूळ

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या रणात हॅरल्ड राजा पडला, हे पुष्कळांना ठाऊक असते. आज मला त्याच्या वडिलांकडे, वेसेक्सचा अर्ल गॉडविन याच्याकडे जायचे आहे. त्याची मुलगी ईडिथ १०४५ मध्ये एडवर्ड राजाची राणी झाली. पुढे तिने एडवर्डचे चरित्र लिहवून घेतले. त्यात वडिलांची तोंडभर स्तुती आहे, पण त्यांच्या कुळाबद्दल चकार शब्द नाही.

ही जागा इतरांनी भरली. बाराव्या शतकातला वॉल्टर मॅप सांगतो, की शिकारीत वाट चुकलेला एथेलरेड राजा एका गुराख्याकडे उतरला आणि त्या घरचा पोरगा म्हणजे गॉडविन. आइसलंडच्या एका सागेत वाट चुकतो तो उल्फ हा डॅनिश सरदार. विसाव्या शतकातले काही अभ्यासक दुसऱ्या टोकाला गेले आणि त्यांनी गॉडविनला आल्फ्रेड राजाच्या थोरल्या भावाचा वंशज ठरवले. आल्फ्रेडने मृत्युपत्रात पुतण्याला कॉम्प्टन नावाची जमीन दिली होती, हा त्यांचा एक आधार. पण कॉम्प्टन नावाची गावे इंग्लंडात ठिकठिकाणी आहेत!

मला महत्त्वाचे वाटते ते १०१४ सालचे एक मृत्युपत्र. एथेलरेडचा मुलगा एथेलस्टन त्या वर्षी वारला. वडिलांची संमती घेऊन त्याने लिहून ठेवले, की वुल्फनॉथचा मुलगा गॉडविन याला कॉम्प्टनची जमीन मिळावी, जी पूर्वी त्याच्या वडिलांची होती. वडिलांची जमीन मुलाला राजपुत्राने द्यावी लागते, याचा अर्थ ती मध्यंतरी हातची गेली होती.

कशी गेली असावी? १००९ मध्ये सँडविचला राजाचे आरमार जमले असताना ब्रिहट्रिक नावाच्या सरदाराने ससेक्सच्या वुल्फनॉथवर राजाकडे आरोप केले. वुल्फनॉथ वीस जहाजे घेऊन निसटला आणि दक्षिण किनारा लुटत सुटला. ब्रिहट्रिक ऐंशी जहाजांनिशी पाठलागावर निघाला. वादळाने ती जहाजे किनाऱ्यावर आपटली आणि वुल्फनॉथने येऊन ती जाळली. अँग्लो-सॅक्सन बखरीच्या एका उत्तरकालीन हस्तलिखितात हाच अर्ल गॉडविनचा पिता, असे स्पष्ट लिहिले आहे. माझ्या मते हे मूळ ना गुराख्याचे, ना राजवंशाचे. ते ससेक्सच्या, राजाची मर्जी गमावलेल्या एका दर्यावर्दी सरदाराचे आहे.

पुढे डॅनिश राजा कनूटने गॉडविनला अर्ल केले आणि उल्फची बहीण गिथा त्याला दिली. स्वेन, हॅरल्ड, टॉस्टिग ही मुलांची नावे डॅनिश वळणाची. पण एका धाकट्याचे नाव त्याने वुल्फनॉथ ठेवले. परागंदा झालेल्या बापाची त्याला लाज वाटत नव्हती, हे मला यात फार मोलाचे वाटते.

१०५१ मध्ये एडवर्डने गॉडविनलाही देशोधडीला लावले. दुसऱ्या वर्षी तो जहाजे घेऊन परतला. बापाने लुटलेल्या त्याच दक्षिण किनाऱ्यावरचे खलाशी त्याला येऊन मिळत गेले. टेम्समधून आरमार लंडनला भिडले आणि एडवर्डला त्याची जहागीर परत करावी लागली.