थांब्याचे झाले गाव



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवशी एका लहानशा गावाची हकीगत आपणांपुढे ठेवावी, असे मनात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, कर्नाटकातील जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेस लागून कॅसलरॉक नावाचे गाव आहे. ते कोणा राजाने वसविले नाही, की बाजारपेठेने वाढविले नाही. तेथे आगगाडी थांबली, म्हणून ते झाले.

इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली तह झाला. त्यास अनुसरून मुरगाव बंदरापासून मीटरगेज लोहमार्ग बांधण्यात आला व १८८८ साली तो घाटमाथ्यास पोहोचला. कॅसलरॉक येथे तो सदर्न मराठा रेल्वेस मिळाला. एकीकडे दूधसागरावरून येणारा, ३७ फुटांस १ फूट असा बिकट चढ. दुसरीकडे दोन राज्यांची सरहद्द. गाडीस थांबणे भागच होते. इंजिनवाले, सांधेवाले, हमाल व जकातीचे शिपाई त्या रानात, अतोनात पावसात, राहू लागले.

पोटासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या कित्येक गोमंतकीयांस हा थांबा चांगलाच ठाऊक होता. खाली कुळे येथे पोर्तुगीजांची जकात, वर कॅसलरॉकला इंग्रजांची. दोन्हीकडे ट्रंका उघडून दाखवाव्या लागत.

१९५५ साली सीमेपलीकडची रेल्वे वाहतूक बंद झाली. ज्या येण्याजाण्यावर गाव उभे राहिले, तेच खुंटले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. सरहद्द गेली, तिच्याबरोबर जकातही गेली. पुढे गाड्या पुन्हा धावू लागल्या व गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. आजही घाटासाठी जादा इंजिने जोडावयास वा सोडावयास गाड्या तेथे थांबतात. परंतु मधल्या त्या ओसाड वर्षांतही गाव नाहीसे झाले नाही, हे ध्यानात घ्यावे.

बंधुभगिनींनो, स्टेशन कंपनीस बांधता येते. गाव मात्र राहणाऱ्यांनाच करावे लागते. आपल्यापैकीही पुष्कळांचे वाडवडील नोकरीधंद्याच्या निमित्तानेच येथे आले. ते निमित्त उद्या सरले, तर आपण एकमेकांचे कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देता येत नाही. प्रत्येकाने ते आपल्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन द्यावे, एवढीच नम्र विनंती.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.