विजेची मोटार : खर्च आणि टिकाऊपणा

विजेच्या मोटारीविषयी दोन प्रश्न हटकून विचारले जातात. ती चालवायला किती पडते आणि तिची बॅटरी किती वर्षे टिकते? या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधली, की हिशेब चुकतो.

एखाद्या शिक्षकाचे उदाहरण घेऊ. शाळेत जाऊन-येऊन रोज 50 किलोमीटर, वर्षातील 220 दिवस. म्हणजे 11,000 किलोमीटर. पेट्रोलची मोटार लिटरला 15 किलोमीटर देते आणि पेट्रोलचा दर 105 रुपये आहे असे धरल्यास वर्षाला सुमारे 77,000 रुपये लागतात. विजेची मोटार, चार्जिंगमधील गळती जमेस धरून, युनिटमागे 6 किलोमीटर गेली, तर सुमारे 1,830 युनिटे लागतील. घरी 10 रुपये दराने त्यांचे 18,300 रुपये होतात. रस्त्यावरील केंद्रात 20 रुपये दराने त्याच्या दुप्पट. खरेदीच्या किमतीत 3 लाखांचा फरक असेल, तर घरच्या विजेवर तो पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात भरून निघतो, बाहेरच्या विजेवर सुमारे साडेसात वर्षांत. कर्जाचे व्याज यात धरलेले नाही. शिवाय महिन्याला दीडशे युनिटांची भर पडल्याने घरगुती वीजबिल वरच्या दराच्या टप्प्यात जाण्याचा संभव असतो, हे बहुधा विसरले जाते.

इंजिन ऑइल, क्लच, प्लग यांचा खर्च उरत नाही. वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून वीज परत मिळवते, म्हणून ब्रेकही कमी झिजतात. टायर मात्र गाडीच्या वजनामुळे लवकर झिजू शकतात.

आता बॅटरी. बंगळूरची 2001 सालची ‘रेवा’ शिसे-आम्लाच्या बॅटरीवर चालत असे आणि ती बॅटरी काही वर्षांतच बदलावी लागे. 2020 साली आलेल्या टाटांच्या ‘नेक्सॉन’मध्ये लिथियमची बॅटरी होती, तिची हमी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत. आपल्या शिक्षकाची मोटार 8 वर्षांत 88,000 किलोमीटरच धावेल. म्हणजे त्याच्या बाबतीत आधी वर्षे संपणार. लिथियमची बॅटरी उभ्या गाडीतही हळूहळू क्षीण होते, बचत मात्र गाडी धावेल तेवढीच होते. रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने केवळ बचतीसाठी ही मोटार घेऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

बॅटरीला सर्वांत बाधते ती उष्णता. विदर्भातील उन्हाळ्यात गाडी सावलीत ठेवणे आणि जलद चार्जिंग केवळ लांबच्या प्रवासापुरते राखणे हिताचे ठरते. रोजच्या 50 किलोमीटरसाठी सुमारे 8 युनिटे पुरतात. ती घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर रात्रीतून सहज भरतात. अर्थिंग सदोष असेल, तर पुष्कळ मोटारी चार्जिंग सुरूच करीत नाहीत. म्हणून जुन्या वाड्यांत आणि गावठाणातील घरांत मोटारीची नोंदणी करण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे लागते.